दाखवायच्या कारखान्यातले मास्तर

आमच्या कारखान्यात चाळीस शिलाई मशीनं होती, हजेरीपटात बेचाळीस बायका होत्या आणि प्रत्यक्षात माणूस एकच होता. त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. आम्ही म्हणजे तरी कोण, मालक आणि मी. मालक महिन्यातून दोनदा उगवायचे, मी आठवड्यातून तीन दिवस जायची. बाकीचे दिवस मास्तर त्या लांबलचक हॉलमध्ये एकटेच असायचे.

मी तिथली कागदपत्रं बघायची. धंदा काय होता ते आधी सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटतं आम्ही तिथे बॉम्ब बनवत होतो. तसलं काही नव्हतं, साधी सरळ लबाडी होती. शर्ट विकत घेणाऱ्या एका मोठ्या देशाने ठरवलं होतं, की कुठल्या देशाकडून वर्षाला किती शर्ट घ्यायचे. त्याला कोटा म्हणत. समुद्रापलीकडच्या एका देशात शर्ट पाण्याच्या भावाने शिवून मिळायचे, पण त्यांचा कोटा अर्ध्या वर्षातच संपायचा. आमच्या देशाचा कोटा मात्र तसाच पडून असायचा, कारण आमच्याकडे शर्ट शिवणारेच फारसे उरले नव्हते. आमच्या मालकांनी या दोन गोष्टींची सोयरीक जुळवली. पलीकडचे शर्ट आमच्या गोदामात उतरायचे, तिथली माणसं मानेवरचं लेबल उसवून आमच्या देशाचं लेबल लावायची, आणि ते शर्ट आमचे म्हणून पुढे रवाना व्हायचे. व्यापार कचेरीतला साहेब मालकांच्या तोंडी शब्दावर माल इथेच शिवल्याचा दाखला द्यायचा आणि मालक तो दाखला सगळ्यांना दाखवायचे. उंदराला मांजर साक्ष.

पण शर्ट पाठवायचे म्हणजे ते शिवणारा कारखाना दिसायला हवा. घेणाऱ्या देशाचा तपासनीस वर्षाकाठी एखादी चक्कर टाकायचा. त्याच्यासाठी हा हॉल होता. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात ना, त्यातल्या दाखवायच्या दातांची निगा राखायला मास्तर नेमलेले होते.

हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. न चालणारा कारखाना चालता दिसावा यासाठी चालत्या कारखान्यापेक्षा जास्त राबावं लागतं, हे मी तिथे शिकले. मास्तर सकाळी आठला चाळीस मशीनांवरची कापडं काढायचे, एकेकाला तेल घालायचे, सुई बघायचे. मग पहिल्या मशीनवर बसून ते दहा मिनिटं रिकामं चालवायचे, खाली कापड नाही, सुईत दोरा नाही. दहा मिनिटं झाली की उठून दुसऱ्यावर. विजेचा मीटर फिरला नाही तर बिलावरून बिंग फुटेल, म्हणून ही तरतूद. चाळीस मशीनं संपायला दुपार उलटून जायची. त्यानंतर ते एका ताग्यातून चिंध्या कापायचे आणि त्या टेबलांखाली पसरायचे, कारण खऱ्या कारखान्यात कचरा होतो आणि मुरलेला तपासनीस आधी केराची टोपली बघतो. अर्धवट शिवलेल्या बाह्यांचे गठ्ठे होते, तेच ते तीन वर्षांचे. घडीवर त्यांचा रंग उडाला होता. मास्तर ते रोज या टेबलावरून त्या टेबलावर हलवायचे.

मी माझ्या खोलीत बसून हजेरी भरायची. बेचाळीस नावं मीच पैदा केली होती. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी संपल्या, मावश्या संपल्या, तेव्हा मी दोन सासवाही घुसवल्या, एक माझी आणि एक बहिणीची. रोज सगळ्याच हजर असल्या तर संशय येतो, म्हणून कुणाला ताप आणायची, कुणाला बाळंतपणाची रजा द्यायची. मास्तर जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "सतरा नंबरवालीला काय झालं हो बाई, मुलगा की मुलगी?" मी आपली काहीतरी सांगायची. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टाच होती, पण महिनाभराने त्यांनी सतरा नंबरच्या मशीनपुढची खुर्ची जरा मागे सरकवून ठेवलेली दिसली. बाळंतीण आहे, ती बसणार कुठे आत्ता, म्हणाले. तेव्हा मला हसू आलं नाही.

मास्तरांचं मूळचं दुकान होतं. तीस वर्षं त्यांनी फक्त शर्ट शिवले, आणि शर्टात त्यांचा जीव कॉलरमध्ये. मालकच सांगायचे की गावातले वकील कॉलरसाठी त्यांच्याकडे रांग लावत. मग बाजारात पलीकडचे तयार शर्ट आले, शिलाईच्या निम्म्या किमतीत. दोन कारागीर होते ते गेले, गिऱ्हाईक गेलं, बायको आजारात गेली. मुलगा दूरच्या शहरात, त्याचा महिन्याला एक फोन. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी त्यांना हॉलला लागून एक खोली दिली आणि कामाला ठेवलं. ज्या देशाच्या शर्टांनी त्यांचं दुकान बुडवलं, त्याच देशाच्या शर्टांची राखण त्यांच्या नशिबी आली. हे मी एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, गोदामात काय चालतं ते गोदामवाल्यांनी बघावं, माझं तेल खरं आहे आणि सुई खरी आहे. गोदामाकडे ते कधी फिरकले नाहीत. कामावर चढल्यापासून त्यातला एक शर्टसुद्धा त्यांनी हातात धरून पाहिला नव्हता.

आता तपासणीच्या दिवसाबद्दल. मालकांना त्या दिवशी घाम फुटायचा, मी हजेरीपट तिसऱ्यांदा तपासत असायची, आणि मास्तर मात्र दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सहापासून दारात उभे. कारण त्या दिवशी बायका यायच्या. आसपासच्या वस्तीतल्या वीसेक जणी एका दिवसाच्या मजुरीवर आणल्या जायच्या आणि मशीनांवर बसवल्या जायच्या; हजेरीतल्या उरलेल्या नावांपुढे मी त्या दिवशी दुसरी पाळी लिहायची. कुणी भांडी घासणारी, कुणी भाजी विकणारी. निम्म्यांना सुईत दोरा ओवता यायचा नाही. मास्तर त्यांना आदल्या दिवशी बोलावून शिकवायचे: पाय असा ठेवा, कापड ओढू नका, ते आपोआप जातं. चिंधीवर सरळ टीप मारता आली की झालं, एवढंच मालकांचं म्हणणं असायचं. पण मास्तरांना तेवढ्याने समाधान नव्हतं. ते काज दाखवायचे, कफ दाखवायचे. चाळीसातली वीस मशीनं एकदम चालू झाली की त्या हॉलची जमीन थरथरायची, आणि मास्तर रांगांमधून हात मागे बांधून असे फिरायचे, जणू खरंच कुणी मोठी ऑर्डर दिली आहे. संध्याकाळी बायका गेल्या की ते वीस खुर्च्या जागच्या जागी लावत बसायचे. त्या कामाला त्यांना फार वेळ लागायचा.

या बायकांत एक डावखुरी होती. घरोघरी धुणं धुवायची, हाताला साबणाने भेगा पडलेल्या. तीन वर्षं तीन तपासण्यांना ती आली आणि तिसऱ्या वेळी तिने आतून शिवलेली कॉलर उलटवून दाखवली, टोक न फाडता. कॉलरचं टोक बाहेर काढणं हे भल्याभल्यांना जमत नाही. मास्तरांनी ती कॉलर खिडकीशी नेऊन पाहिली. ती म्हणाली, "रोज असतं तर शिकले असते मास्तर. वर्षातून एकदा येऊन काय येणार?" पुढे कितीतरी दिवस मास्तर ते वाक्य मला ऐकवत होते.

चौथ्या वर्षी कुजबूज सुरू झाली की तपासणी कडक होणार. मालक मास्तरांच्या खोलीत जाऊन बसले, जे ते कधी करत नसत. त्यांनी शब्द दिला, की एवढी एक तपासणी पार पाडा, पुढच्या वर्षी खरं काम सुरू करू. स्वतःची ऑर्डर, वीस बाया कायमच्या आणि तुम्ही त्यांचे मुख्य. मास्तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कागद मागायला आले. वीस जणींची यादी करायची होती, डावखुरीचं नाव पहिलं. कुणी कुठल्या मशीनवर बसायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. डावखुरीसाठी एक मशीन त्यांनी खिडकीजवळ वळवून ठेवलं, प्रकाश तिच्या कामाच्या हातावर पडावा म्हणून. चार वर्षं त्या माणसाने रिकामी मशीनं चालवली होती. आता त्याला हॉल भरायचा होता, खऱ्या माणसांनी, रोज. त्याला दुसरं काही नको होतं.

आणि मला ठाऊक होतं की मालकांनी मधाचं बोट लावलं आहे. त्याच आठवड्यात मी दोन पत्रं टाइप केली होती. एक पलीकडच्या देशाला, पुढच्या वर्षी दुप्पट शर्ट पाठवा म्हणून. दुसरं एका दलालाला, तपासणी झाली की चाळीस मशीनं विकायची आहेत, गिऱ्हाईक बघा म्हणून. मालक हॉलचंही गोदाम करणार होते. मास्तरांनी यादी माझ्या टेबलावर ठेवली आणि मालकांना द्याल ना म्हणून विचारलं. मी देते म्हटलं. यादी खणात टाकली. माझीही नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला धीर झाला नाही.

तपासनीस आला तो साठीकडे झुकलेला, सौम्य माणूस होता. आमची भाषा अडखळत पण नीट बोलायचा. त्याने मीटर पाहिला, हजेरी पाहिली, केराची टोपली पाहिली. सगळं जिथल्या तिथे होतं. वीस जणी टीप मारत होत्या. मग त्याने गोदामातून आलेली एक पेटी फोडायला लावली, एक शर्ट बाहेर काढला आणि मास्तरांना म्हणाला, असा एक शर्ट माझ्यासमोर शिवून दाखवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मालकांचा जीव भांड्यात पडला. शर्ट शिवणं हीच तर एक गोष्ट होती जी आमच्याकडे खरी होती.

मास्तरांनी पेटीतला शर्ट हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी जवळच उभी होते. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढं लांब होतं, आणि गळ्याचं बटण लावलं की पट्टीची दोन टोकं वरखाली राहत होती. मालक त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, अगदी असाच शिवा, जास्त शहाणपणा नको. मास्तरांनी मान हलवली. त्यांनी डावखुरीला मदतीला बोलावलं, कापड बेतलं, कापलं. तपासनीस खुर्ची घेऊन समोर बसला. दीड तास मास्तरांचे हात चालत होते आणि मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या सुईखाली अख्खा शर्ट होता. त्यांनी आधी कॉलर खरोखरच वाकडी शिवली. माझ्या डोळ्यांनी पाहिली मी. ती त्यांनी हातात धरली, क्षणभर बघितली, आणि ब्लेड घेऊन उसवून टाकली. मालकांनी खोकून पाहिलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. दुसऱ्यांदा शिवलेली कॉलर डावखुरीने उलटवली आणि ती आरशासारखी झाली, दोन्ही टोकं सारखी.

तपासनिसाने दोन्ही शर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिला. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण त्या भल्या माणसाच्या मनात संशय आलाच नव्हता. त्याने पेन उघडलं, कागद पुढे ओढला आणि कौतुकाने मास्तरांना म्हणाला, "हात फार सुंदर आहे तुमचा. पेटीतले शर्ट तुम्ही जरा घाईत शिवलेले दिसतात, एवढंच."

नुसती मान हलवायची होती. घाई झाली साहेब, एवढंही म्हणायची गरज नव्हती. मास्तरांनी एकदा हॉलकडे पाहिलं, वीस जणींकडे, खिडकीजवळच्या मशीनकडे. ते बघताना मी त्यांना पाहिलं आहे, म्हणून सांगते, काय जातंय ते त्यांना पुरतं कळत होतं.

"ते मी नाही शिवले," मास्तर म्हणाले.

तपासनिसाला वाटलं आपल्याला भाषा कळली नाही. त्याने पुन्हा विचारलं, मग कुणी शिवले?

"ते मला माहीत नाही. ज्याने शिवले त्याला कॉलर येत नाही."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पुढचं सगळं तासाभरात उरकलं. तपासनिसाने पेन बंद केलं, गोदाम उघडायला लावलं, आणि तिथे लेबलांच्या पिशव्या सापडल्या. बायकांना दिवसाची मजुरी देऊन घालवलं. डावखुरी दारात थांबली आणि परत कधी यायचं म्हणून तिने मास्तरांना विचारलं. ते खुर्च्या जागच्या जागी लावू लागले. मग ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मी फायली आवरायला लागले.

हॉलला सील लागलं. मालकांनी दंड भरला आणि सहा महिन्यांत चपलांचा धंदा काढला, तो उत्तम चालला आहे. मला एका शाळेच्या कचेरीत नोकरी लागली. मास्तरांना खोली सोडावी लागली. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांनी जागा घेतली आणि एका मशीनवर पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं असली कामं करू लागले. हे मला मागाहून कळलं. जायला मला एक वर्ष लागलं.

गेले तेव्हा दुपार होती. जिन्याखाली मशीन, एक स्टूल, एक खाट, भिंतीला लटकवलेल्या चार पँटी. मला बघून ते उठले, स्टूल पुसून दिलं आणि स्वतः खाटेवर बसले. दिवसभरात तोंडातून चार वाक्यंसुद्धा निघत नाहीत म्हणाले. लोक कपडा देतात, बोटाने माप दाखवतात आणि जातात. मुलाच्या फोनचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग ते आपणहून त्या दिवसावर आले. रोज आठवतो म्हणाले. "वीस जणींचं काम माझ्या जिभेने गेलं. डावखुरी एकदा रस्त्यात दिसली, डोक्यावर कुणाच्यातरी चादरींचं गाठोडं होतं. मी दुसऱ्या गल्लीत वळलो. ती माझ्यामुळे अजून धुणं धुते आहे, हे मला रोज जेवताना आठवतं." आणि मग म्हणाले, "पण बाई, मला सगळं मिळत होतं. भरलेला हॉल मिळत होता. तो समोर असताना मी खरं बोललो. ते मी विसरत नाही."

त्यांना टोचणी लागली होती, आणि ती खोट्या गोष्टीची होती. मला ते बघवेना. मला वाटलं, एवढं तरी आपण करू शकतो, या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवू शकतो. मी त्यांना सगळं सांगितलं. दोन्ही पत्रं सांगितली, मशीनं विकायचा बेत सांगितला. तुमच्यामुळे कुणाचं काहीही गेलं नाही मास्तर, मी म्हटलं, ते होणारच नव्हतं.

मास्तरांनी विचारलं, "यादी दिली होती ना तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. "खणातच राहिली."

त्यांनी भिंतीवरची एक पँट काढून मांडीवर घेतली, शिवण चाचपली आणि तशीच ठेवली. मी वाट बघत होते की त्यांना हलकं वाटेल. किती मूर्ख असतो आपण.

"वर्षभर मला वाटत होतं, मी खऱ्यापायी काहीतरी सोडून आलोय," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, राग नव्हता त्यात. "म्हणजे सोडायला काही नव्हतंच. मी नुसताच एकटा आहे म्हणायचं."

मी काहीतरी बोलू लागले, पण त्यांनी हाताने थांबवलं. गिऱ्हाईक चार वाजता येणार आहे, म्हणाले. ते स्टुलाकडे बघू लागले आणि मी उठले, कारण स्टूल एकच होतं आणि त्यांना मशीनवर बसायचं होतं.